पाठीवरचें बिऱ्हाड आणि उत्तरेचें मैदान

(१)

विंचवाचें बिऱ्हाड पाठीवर अशी आपल्याकडे म्हण आहे, आणि ती बहुधा कींव करतांनाच वापरली जाते. ज्याला चार भिंती नाहींत, ज्याच्या चुलीची जागा रोज बदलते, तो मनुष्य आपल्या दृष्टीनें दैवाचा मारलेला असतो. त्याला कोणी हौशी म्हणत नाहीं. अमेरिकेंत मात्र गेल्या साठसत्तर वर्षांत हेंच बिऱ्हाड हौसेचें, आणि कांहीं अंशीं आत्मचिंतनाचेंहि, साधन झालें आहे. मोटारीच्या सांगाड्यावर लहानसें घर बसवावयाचें; त्यांत बिछाना, चूल, पाण्याची टांकी आणि थोडीं पुस्तकें ठेवावयाचीं; एकट्यानें निघून देशाच्या ह्या टोंकापासून त्या टोंकापर्यंत जावयाचें, आणि परत आल्यावर त्या प्रवासाचा ग्रंथ लिहावयाचा, असा एक वाङ्मयप्रकारच तेथें रूढ झालेला आहे. ह्या ग्रंथांचा नायक एकटा असतो, त्याच्या वाहनाला आवडत्या घोड्याप्रमाणें नांव असतें, आणि तो बहुधा आपला देश शोधावयास निघालेला असतो.

ह्या ग्रंथांतून पुनःपुन्हा एक प्रदेश असा येतो कीं, जेथें लेखकाची खरी परीक्षा होते. तो म्हणजे उत्तरेचीं मैदानें: नॉर्थ डकोटा, साउथ डकोटा आणि माँटाना संस्थानाचा पूर्वभाग. पूर्वेकडील दाट वस्ती आणि पश्चिमेकडील पर्वत ह्यांच्यामध्यें गवताचा आणि गव्हाचा हा अफाट पट्टा पसरलेला आहे. एकट्या नॉर्थ डकोटाचें क्षेत्रफळ सुमारें १,८३,००० चौरस किलोमीटर, म्हणजे महाराष्ट्राच्या निम्म्याहून बरेंच अधिक. आणि २०२० च्या खानेसुमारींत तेथील लोकसंख्या आठ लाखांच्याहि आंत भरली. अशा ठिकाणीं प्रवाशाला दिवसभर दिसतें तें आकाश, कुंपणाची तार, धान्याचीं उंच कोठारें आणि सरळ रस्ता. शहरांत लेखकाला माणसें शोधावीं लागत नाहींत, डोंगरांत दृश्यें शोधावीं लागत नाहींत. येथें मात्र दोन्ही गोष्टींची वाण असते, आणि काय पाहावें व काय लिहावें हें ज्याचें त्यालाच ठरवावें लागतें. म्हणून ह्या ग्रंथांची पारख करावयाची तर ती त्यांतील मैदानाच्या पानांवर करावी, असें आम्हांस वाटतें. प्रस्तुत लेखांत तोच प्रयत्न केला आहे.

(२)

ह्या प्रकारांतील सर्वांत प्रसिद्ध ग्रंथ जॉन स्टाइनबेक ह्याचा ‘ट्रॅव्हल्स वुइथ चार्ली’ हा होय. १९६० च्या सप्टेंबरांत, वयाच्या ५८ व्या वर्षीं, लाँग आयलंडवरील आपल्या घरून स्टाइनबेक निघाला. प्रकृति खालावलेली होती. आणि ज्या देशाविषयीं आपण जन्मभर लिहीत आलों तो देश गेल्या पंचवीस वर्षांत आपण नीट पाहिलेलाच नाहीं, ही टोंचणी मनाला लागलेली होती. मालवाहू मोटारीच्या पाठीवर त्यानें लहान जहाजांतल्यासारखी एक खोली बसवून घेतली, तिच्यावर डॉन क्विक्झोटच्या घोड्याचें ‘रोसिनान्ते’ हें नांव रंगविलें, आणि चार्ली नांवाच्या म्हाताऱ्या पूडल कुत्र्याला शेजारीं बसवून सुमारें १०,००० मैलांची प्रदक्षिणा केली. ग्रंथ १९६२ मध्यें प्रसिद्ध झाला, आणि त्याच सालीं लेखकाला नोबेल पारितोषिक मिळालें.

हा ग्रंथ आम्हीं प्रथम वाचला त्याला आतां तीसएक वर्षें होऊन गेलीं. नोकरीनिमित्त परगांवीं एकटें राहावें लागत होतें. खानावळींत जेवून खोलीवर परतल्यानंतर बोलावयास कोणी नसे. अशा दिवसांत ह्या पुस्तकानें फार सोबत केली. त्यांतील एक प्रसंग तर आम्हांस जवळजवळ पाठ झाला होता. नॉर्थ डकोटांतील ॲलिस नांवाच्या खेड्याजवळ, मेपल नदीच्या कांठीं स्टाइनबेक मुक्काम करतो. जवळच दुसरें एक फिरतें बिऱ्हाड येऊन थांबलेलें असतें. त्याचा मालक एक वृद्ध नट निघतो. गांवोगांव हिंडून शेक्सपिअरच्या नाटकांतील भाषणें म्हणून दाखवावयाचीं आणि त्यावर पोट भरावयाचें, असा त्याचा व्यवसाय. दोघांचें बोलणें रंगतें. नट जपून गुंडाळून ठेवलेलें जॉन गिलगुडचें पत्र बाहेर काढून दाखवितो, रंगभूमीवरून नेमकें केव्हां निघून जावें ह्याचें मर्म सांगतो, आणि बोलणें ऐन रंगांत आलेलें असतांनाच उठून आपल्या गाडींत निघून जातो. एवढ्या ओसाड मुलुखांत दोन एकटीं माणसें भेटतात आणि कलेविषयीं बोलतात, ह्याचें आम्हांस त्या वेळीं मोठें अप्रूप वाटलें. पुढें संसार मांडल्यावर घरच्या मंडळींनाहि हा प्रसंग आम्हीं कितीदां तरी वाचून दाखविला आहे.

हा प्रसंग बहुधा घडलाच नाहीं, असें मागाहून कळलें. २०१० सालीं बिल स्टाइगरवाल्ड ह्या अमेरिकन पत्रकारानें स्टाइनबेकच्या मार्गानें प्रवास करून आणि त्याचीं पत्रें व हस्तलिखित तपासून त्या यात्रेचा दिनक्रम लावला. तेव्हां असें आढळलें कीं, १२ ऑक्टोबर १९६० रोजीं स्टाइनबेकनें आपल्या पत्नीला पत्र लिहिलें तें ॲलिसपासून तीनशेंहून अधिक मैल पश्चिमेस असलेल्या बीच ह्या गांवच्या मोटेलांतून. नदीकांठच्या त्या मुक्कामाचा ह्या दिनक्रमाशीं मेळ बसत नाहीं. स्टाइगरवाल्डच्या मतें पुस्तकावरून वाटतात त्याहून कितीतरी अधिक रात्री लेखकानें उघड्या माळावर न काढतां पक्क्या छपराखालीं काढल्या होत्या, आणि पत्नी त्याच्या सोबतीला पुस्तकांत दिसते त्याहून पुष्कळ अधिक काळ होती. २०१२ मध्यें ह्या ग्रंथाची पन्नासाव्या वर्षाची आवृत्ति निघाली, तिच्या प्रस्तावनेंत स्टाइनबेकचा चरित्रकार जे पॅरिनी ह्यानेंहि, लेखक हा मुळांत कादंबरीकार असल्यामुळें हा ग्रंथ अक्षरशः खरा मानूं नये, अशा अर्थाची सूचना दिली.

ही हकीकत वाचल्यावर आम्हांस राग आला नाहीं, पण वाईट वाटलें. ज्याच्या शब्दावर विसंबून आपण कठीण दिवस काढले, त्यानें आपल्याला आपलें एकटेपण खोटें सांगितलें, ही जाणीव सुखाची नव्हती. पुस्तक कपाटाच्या मागल्या रांगेंत गेलें, आणि कित्येक वर्षें तेथेंच राहिलें.

(३)

ह्यावर लेखकाचा कैवार घेणारे म्हणतात कीं, प्रवासवर्णन म्हणजे पंचनामा नव्हे. हें म्हणणें एका मर्यादेपर्यंत आम्हांस मान्य आहे. लेखक दोन दिवसांच्या गोष्टी एका दिवसांत आणील, अडखळत झालेलें संभाषण नीटनेटकें करील, नको तें गाळील. एवढी मोकळीक त्याला दिली नाहीं तर वाचण्याजोगें प्रवासवर्णन लिहिणें कोणासच शक्य होणार नाहीं. तो मोटेलांत झोंपला कीं गाडींत झोंपला, ह्याची झडती घेण्यांतहि कांहीं अर्थ नाहीं. प्रकृतीनें थकलेल्या माणसानें ऊन पाण्यानें स्नान करून पलंगावर पाठ टेकली, तर त्यांत चोरून ठेवण्यासारखें काय आहे? आमची तक्रार निराळी आहे, आणि ती नीतीची नसून वाङ्मयाची आहे.

स्टाइगरवाल्डचा शोध खरा धरला, तर त्या मैदानांत लेखकाला मनासारखें कोणी भेटलें नाहीं, हीच तेथली सत्यकथा होती. एक प्रख्यात ग्रंथकार आपल्या देशाचा शोध घेण्यास निघतो, मैलच्या मैल तोडतो, आणि त्याच्याशीं बोलावयास कोणी नसतें. ह्याहून अर्थपूर्ण घटना ती कोणती? पण ती सांगण्याऐवजीं त्यानें रिकाम्या रंगभूमीवर एक नट आणून उभा केला. हा नट ॲलिसचा नव्हे. तो कोणत्याहि गांवचा असूं शकला असता. डकोटाचा शेतकरी काय पिकवितो, पाऊस चुकला तर काय करतो, त्याचीं मुलें शिकून कोठें जातात, ह्यांतील एकहि गोष्ट त्या प्रसंगावरून कळत नाहीं. कळतें तें इतकेंच कीं, शब्दकला आणि रंगभूमि ह्यांविषयीं स्टाइनबेकला काय वाटत होतें. एवढा प्रवास करून स्टाइनबेकला अखेर भेटला तो स्टाइनबेकच.

ह्या प्रसंगाशेजारीं त्याच ग्रंथांतील दुसरें एक स्थळ ठेवून पाहावें. ॲलिसच्या थोडें अगोदर फार्गो हें शहर येतें. लेखकाच्या मनांत लहानपणापासून ह्या शहराविषयीं एक अद्भुत कल्पना असते. देशाचा नकाशा मधोमध दुमडला कीं घडी जेथें पडते तें हें ठिकाण. येथली थंडी सर्वांत कडक, येथलें हिमवादळ सर्वांत भयंकर, असें त्यानें वर्षानुवर्षें मनाशीं धरलेलें असतें. प्रत्यक्ष पोंचतो तेव्हां शरद्ऋतूंतील साधा, प्रसन्न दिवस असतो, आणि शहर इतर कोणत्याहि शहरासारखें, मोटारींनीं व पाट्यांनीं गजबजलेलें असतें. गंमत अशी कीं, हें सगळें डोळ्यांनीं पाहूनहि मनांतल्या फार्गोला कसलाच धक्का बसत नाहीं. तें जसेंच्या तसें शाबूत राहतें, आणि लेखक हें मोकळेपणानें कबूल करून टाकतो.

पूर्वीं वाचतांना हें पान आम्हीं घाईनें उलटलें असलें पाहिजे, कारण त्याची आठवणच नव्हती. परवां पुस्तक पुन्हा काढलें तेव्हां येथें आम्ही थांबलों. कल्पना ह्या पानावरहि आहे आणि ॲलिसच्या पानावरहि आहे. पण येथें लेखक कल्पनेला कल्पना म्हणतो आणि वाचकाला विश्वासांत घेतो, तेथें तिलाच हकीकत म्हणून पुढें करतो. आणि आश्चर्य असें कीं, ह्या दोहोंत वाङ्मय म्हणून सरस पान फार्गोचेंच आहे. मनुष्य प्रवासाला निघतो तेव्हां स्वतःच्या मनांतलीं गांवें बरोबर घेऊनच निघतो, आणि खरीं गांवें त्यांना हलवूं शकत नाहींत, हें सत्य त्यांत आहे. ॲलिसच्या पानांत नाट्य आहे, पण असें कांहीं नाहीं.

स्टाइनबेकचा डोळा अधू होता असें मात्र कोणीं समजूं नये. बिस्मार्क आणि मँडन ह्या दोन गांवांमधून मिसुरी नदी वाहते. तिच्या पूर्वतीरावर पूर्वेकडचा देश संपतो आणि पलीकडच्या तीरावर पश्चिम सुरू होते, हें त्यानें अचूक हेरलें आहे. पावसाचें मान तेथून पश्चिमेस झपाट्यानें उतरत जातें, ह्या भूगोलाच्या माहितीशीं त्याचें निरीक्षण नीट जुळतें. त्याच संस्थानाच्या पश्चिम टोंकाला असलेला ‘बॅडलँड्स’ हा भेगाळलेला, रंगीत मातीच्या सुळक्यांचा मुलूख त्याला दिवसा परका आणि वैरी वाटतो. सायंकाळचा प्रकाश त्यावर पडतांच तोच त्याला इतका मोहवितो कीं, आपलें आधींचें मत तो तेथल्या तेथें फिरवितो. आणि ग्रंथाच्या अखेरीस न्यू ऑर्लीन्स शहरांत, गोऱ्यांच्या शाळेंत जाणाऱ्या एका लहान कृष्णवर्णी मुलीवर जमाव शिव्यांचा वर्षाव करीत असलेला तो पाहतो, तेव्हां त्याच्या लेखणीला कसल्याच आधाराची गरज उरत नाहीं. तेथें तो हादरला आहे, आणि त्या पानांनंतर प्रवासांतील त्याचें लक्ष उडून तो घराकडे धांव घेतो.

मग मैदानांतच त्याची लेखणी नाटकाकडे कां वळली? आम्हांस ह्याचें कारण त्या बिऱ्हाडांत दिसतें. चूल, अंथरूण, पुस्तकें, मद्य, सोबतीला कुत्रा, सर्व कांहीं पाठीवर घेऊन निघालेल्या माणसाला कोणाच्या दारांत उभें राहण्याची गरज पडत नाहीं. पूर्वींचा वाटसरू पाण्यासाठीं, आसऱ्यासाठीं, वाट विचारण्यासाठीं परक्याच्या ओसरीवर चढे, आणि तेथेंच त्याला तो देश कळे. मोटारघर ही गरज नाहींशी करतें. शिवाय डॉन क्विक्झोटला चूक दाखवून देणारा सांको पांझा तरी होता. चार्ली कितीहि गुणी असला तरी मालकाचें म्हणणें तो खोडून काढूं शकत नाहीं.

(४)

मैदानांतील ह्या रितेपणाविषयीं आणखी एक गोष्ट सांगितली पाहिजे. तें रितेपण निसर्गानें दिलेलें नाहीं. निदान सगळें तरी नाहीं. एकट्या प्रवाशाला जो प्रदेश चिंतनासाठीं मोकळा सांपडतो, तो एकदां नव्हे तर दोनदां रिकामा झालेला आहे.

पहिल्यानें तो लाकोटा व इतर मूळ रहिवाशांपासून रिकामा करण्यांत आला. १८६८ च्या फोर्ट लॅरॅमीच्या तहानें ब्लॅक हिल्स हा त्यांचा पवित्र डोंगराळ मुलूख त्यांच्याकडे राहावयाचा होता. १८७४ मध्यें तेथें सोनें असल्याचें जाहीर झालें, आणि १८७७ मध्यें तो काढून घेण्यांत आला. १९८० मध्यें तेथील सर्वोच्च न्यायालयानें ही कृति अन्यायाची ठरवून भरपाई मंजूर केली. पण आम्हांस पैसा नको, भूमि हवी, असें म्हणून त्या लोकांनीं ती रक्कम घेण्यास नकार दिला. दुसऱ्यानें तो प्रदेश रिकामा झाला तो तेथें आणून बसविलेल्या गोऱ्या शेतकऱ्यांपासून. ही दुसरी कथा जोनाथन राबान ह्या इंग्रज लेखकानें १९९६ च्या ‘बॅड लँड’ ह्या ग्रंथांत सांगितली आहे. १९०९ च्या कायद्यानें ३२० एकर जमीन फुकट मिळूं लागली. आगगाडीच्या कंपन्यांनीं चित्रमय पत्रकें छापून माँटानाच्या कोरड्या माळाचें नंदनवन म्हणून वर्णन केलें. दूरदूरचीं कुटुंबें तेथें उतरलीं. आरंभीं कांहीं वर्षें पाऊस बरा झाला, आणि मग अवर्षणाचीं वर्षें आलीं. कर्जांत बुडून कुटुंबांमागून कुटुंबें निघून गेलीं. राबान त्यांच्या पडक्या घरांत शिरतो, मागें उरलेल्या वस्तु आणि कागद पाहतो, आणि त्यांवरून एका फसलेल्या आशेचा इतिहास उभा करतो. रस्त्यावरून जाणाऱ्याला जी केवळ रम्य विषण्णता वाटते, तिच्यामागें असा हिशेब असतो.

खुद्द वाहनांच्या नांवांतहि हा इतिहास दडलेला आहे. अमेरिकेंत मोटारघराला पर्याय म्हणून जें नांव सर्रास वापरतात तें विनेबेगो. तीं गाड्या बनविणारी कंपनी आयोवा संस्थानाच्या ज्या परगण्यांत निघाली त्याचें हें नांव. आणि परगण्याला तें मिळालें त्या विनेबेगो जमातीला तर एकोणिसाव्या शतकांत एका मुलखांतून दुसऱ्यांत असें वारंवार हांकलण्यांत आलें होतें. ज्यांना सक्तीनें बिऱ्हाड पाठीवर घ्यावें लागलें त्यांचें नांव हौसेच्या बिऱ्हाडावर झळकावें, ह्यावर अधिक भाष्य करण्याची जरुरी नाहीं.

हें भान ज्याच्या ग्रंथांत पहिल्या पानापासून आहे असा प्रवासी म्हणजे ‘ब्ल्यू हायवेज’ ह्या १९८२ सालच्या ग्रंथाचा कर्ता विल्यम लीस्ट हीट-मून. त्याच्या वंशांत इंग्रज व आयरिश रक्ताबरोबर ओसेज ह्या मूळ जमातीचेंहि रक्त आहे. १९७८ च्या वसंतारंभीं, कॉलेजांतील नोकरी सुटलेली आणि पत्नी दुरावलेली अशा स्थितींत, तो मिसुरी संस्थानांतील कोलंबिया गांवाहून एका साध्या फोर्ड गाडींत अंथरूण टाकून निघाला. जुन्या नकाशांवर दुय्यम रस्ते निळ्या रेघांनीं दाखवीत. तेच धरून त्यानें सुमारें १३,००० मैलांचा फेरा पुरा केला. गाडीला नांव दिलें ‘घोस्ट डान्सिंग’. १८९० च्या सुमारास मैदानांतील जमातींत एक नृत्यपंथ पसरला होता. हें नृत्य केल्यानें मेलेले आप्त परत येतील, रानरेडे परत येतील आणि गेलेले दिवस परत येतील, अशी त्या लोकांची श्रद्धा होती. त्या पंथाचा शेवट २९ डिसेंबर १८९० रोजीं साउथ डकोटांतील वूंडेड नी येथें सैन्याच्या गोळीबारांत झाला. अडीचशेंहून अधिक लाकोटा स्त्रीपुरुष आणि मुलें त्यांत मेलीं. गेलेलें परत आणण्याची ती व्यर्थ आशा हीट-मूननें स्वतःच्या मोडलेल्या संसाराशीं जोडली. नांव निवडण्यांत विनोद नाहीं, आणि स्वतःची फसगत होऊं शकते ह्याची आधींच दिलेली कबुली आहे.

माँटाना आणि नॉर्थ डकोटा त्यानें दोन क्रमांकाच्या जुन्या राजरस्त्यानें ओलांडलें. तेथें त्याचेंहि मन उदास होतें, आणि त्याचेंहि पुस्तक तेथें थोडें मंदावतें. पण ती उदासी झांकण्यासाठीं तो कोणाला रंगभूमीवर आणीत नाहीं. रिकामें असेल तेथें रिकामें असें लिहितो आणि पुढें जातो. एरवीं त्याचें सारें लक्ष माणसांकडे. ज्या खाणावळीच्या भिंतीवर अधिक दिनदर्शिका टांगलेल्या तेथलें जेवण अधिक चांगलें, असा त्यानें मोठ्या गमतीनें नियमच बसविला आहे. आणि भेटलेल्या कित्येकांचीं छायाचित्रें ग्रंथांत छापलीं आहेत. चेहरा समोर असला कीं लेखकाला फारसें स्वातंत्र्य घेतां येत नाहीं. त्याचें गद्य स्टाइनबेकइतकें प्रवाही नाहीं. मधून मधून पांडित्याचा सोस आडवा येतो, आणि कोटी करण्याचा मोह त्याला आवरत नाहीं. तथापि विश्वासाच्या बाबतींत आम्ही त्याला वरचें स्थान देऊं. इयन फ्रेझरचा ‘ग्रेट प्लेन्स’ (१९८९) हा ग्रंथहि ह्याच पंक्तींत बसतो. तोहि गाडींतच झोंपत मैदानांतून २५,००० मैल हिंडला. पण लाकोटांचा नेता सिटिंग बुल ह्याच्या झोंपडीची जागा शोधतांना रस्त्यांत भेटलेल्या तेथील एका मूळ रहिवाशाला तो गाडींत घेतो, आणि त्याच्या वाटाडेपणानें त्या जागेपर्यंत पोंचतो. बिऱ्हाडाचें दार उघडलें कीं पुस्तकांत देश येतो, ह्याचें हें साधें उदाहरण आहे.

(५)

आतां ह्या प्रकाराच्या कडेला उभे असलेले दोन ग्रंथ पाहूं. पहिला कॅथलीन नॉरिस हिचा ‘डकोटा’ (१९९३). ही कवयित्री १९७४ मध्यें न्यूयॉर्क सोडून साउथ डकोटांतील लेमन ह्या लहान गांवीं आजीआजोबांच्या घरांत राहावयास गेली, आणि तेथें वर्षानुवर्षें राहिली. तिचें घर चाकांवर नाहीं. तिच्या पुस्तकांत मधून मधून केवळ हवामानाचे छोटे वृत्तांत येतात, आणि त्यांतून कळतें कीं, प्रवाशाला जें दृश्य तें रहिवाशाला संकट किंवा वरदान असतें. गांवांतील चहाडी, परक्याविषयींचा संशय, एकमेकांना सांभाळून घेण्याची रीत, हें सगळें तिनें मायेनें पण न लपवितां लिहिलें आहे. मैदानांतील एकांत हा तिथल्या माणसांत राहूनच भोगावयाचा असतो, हें तिच्याकडून शिकावें.

दुसरा ग्रंथ जेसिका ब्रूडर हिचा ‘नोमॅडलँड’ (२०१७). २००८ च्या आर्थिक कोसळीनंतर ज्यांचीं घरें व शिल्लक गेली अशीं अनेक वृद्ध माणसें गाड्यांतून राहूं लागलीं आणि हंगामी मजुरीसाठीं देशभर फिरूं लागलीं. त्यांच्याबरोबर राहून ब्रूडरनें हा वृत्तांत लिहिला. नॉर्थ डकोटांत साखरेच्या बीटाचा हंगाम असतो, त्याचेंहि काम तिनें स्वतः करून पाहिलें. ह्या ग्रंथावरून निघालेल्या चित्रपटाला २०२१ मध्यें ऑस्कर पारितोषिक मिळालें, म्हणून पुष्कळांस तो ठाऊक असेल. परंतु मूळ ग्रंथ अधिक कठोर आहे. येथें आपली म्हण पुन्हा आपल्या मूळ अर्थावर येते. पाठीवरचें बिऱ्हाड ही ह्या माणसांना नशिबानें दिलेली गोष्ट आहे. त्यांतूनहि त्यांनीं थोडें स्वातंत्र्य, थोडा शेजार निर्माण केला आहे, आणि ब्रूडर तें मान्य करते, पण गरजेला हौस म्हणत नाहीं.

ह्या ठिकाणीं अमेरिकेविषयींच्या आपल्याच भाषेंतील एका जुन्या ग्रंथाची आठवण झाल्यावांचून राहत नाहीं. पंडिता रमाबाई १८८६ ते १८८८ ह्या काळांत अमेरिकेंत होत्या. परत आल्यावर १८८९ मध्यें त्यांनीं जो मराठी ग्रंथ प्रसिद्ध केला त्याचें नांव ‘युनायटेड स्टेट्सची लोकस्थिति आणि प्रवासवृत्त’. ह्या नांवांतील क्रम पाहण्यासारखा आहे: आधीं लोकस्थिति, मग प्रवासवृत्त. देशांत कोण राहतें, कसें राहतें, स्त्रियांना काय मिळतें, कोणावर अन्याय होतो, हें पहिलें. मी कोठून कोठें गेलें आणि मला काय वाटलें, हें त्यानंतर. चाकांवरील बिऱ्हाडाच्या ग्रंथांत हा क्रम बहुधा उलटा झालेला असतो, आणि कित्येकांत तर लोकस्थिति शेवटपर्यंत येतच नाहीं. स्वतःचें मन हा वाङ्मयाचा गौण विषय आहे, असें आम्हांस मुळींच सुचवावयाचें नाहीं. परंतु तोच विषय असेल तर लेखकानें तसें सांगावें, जसें स्टाइनबेकनें फार्गोच्या पानावर सांगितलें. देशाचा शोध म्हणून निघावें आणि वाटेंत भेटलेल्या पात्रांच्या तोंडून स्वतःचेंच बोलणें ऐकवावें, ह्यांत देशाचेंहि नुकसान होतें आणि मनाचेंहि.

म्हणून हे ग्रंथ घरांत आणावयाचे तर आमची शिफारस अशी कीं, ‘ब्ल्यू हायवेज’ आणि ‘डकोटा’ हे आधीं वाचावे, ‘बॅड लँड’ त्यानंतर. आणि मग ‘ट्रॅव्हल्स वुइथ चार्ली’ जरूर वाचावें, कारण त्याच्या गद्याची लय आणि कुत्र्यामाणसाच्या स्नेहाचें त्यांतील चित्र हीं खरोखरच दुर्मिळ आहेत. आमच्या कपाटांत तें पुस्तक आतां पुन्हा पुढल्या रांगेंत आलें आहे. ॲलिसचा प्रसंग आम्ही आजहि घरांत वाचून दाखवितों, मात्र गोष्ट म्हणून.

अलीकडे महाराष्ट्रांतून अमेरिकेंत स्थायिक झालेलीं आणि तेथें मुलाबाळांकडे जाणारीं कुटुंबें पुष्कळ आहेत. त्यांतील कोणी सुटींत असें मोटारघर भाड्यानें घेऊन ह्या मैदानांतून जातील, आणि परत आल्यावर लिहितीलहि. त्यांच्याकडे आमचें एवढेंच मागणें आहे: पेट्रोल भरतांना पंपावरच्या माणसानें काय म्हटलें तें लिहावें, वाटेंत दिसलेलें पडकें घर कोणाचें होतें तें विचारून लिहावें, आणि दिवसभरांत कोणी भेटलें नसेल, तर कोणी भेटलें नाहीं असेंच लिहावें.